भाऊंचे फूल हरले, भाऊ कसे जिंकले?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी गोव्याला गेलो होतो. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर दयानंद बांदोडकर यांची समाधी पाहिली. आमचा टॅक्सीवाला पन्नाशीचा असेल. त्याने चपला बाजूला काढल्या, हात जोडले आणि म्हणाला, "हे आमचे भाऊ." भाऊ खाणमालक होते, मोठे पैसेवाले होते, पण कुळांच्या बाजूने तेच उभे राहिले, असे त्याने सांगितले. गोवा महाराष्ट्रात जावा म्हणून ते झगडले आणि लोकांनी ते मानले नाही, हेही त्यानेच सांगितले. मला याचा मेळ लागेना. धनवान खाणमालकाला गरिबांनी आपला का मानले? त्याची सर्वांत मोठी मागणी ज्यांनी नाकारली त्यांनीच त्याला पुन्हा मुख्यमंत्री कसे केले? आणि चालता धंदा असताना हा माणूस राजकारणात आलाच का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या टॅक्सीवाल्याने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या दोहोंची मुळे तिथेच आहेत.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. पेडणे हा गोव्याचा अगदी उत्तरेकडचा तालुका. तेरेखोलची खाडी ओलांडली की सिंधुदुर्ग. गोव्याचा नकाशा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे तालुके सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या हाती गेले. त्यांना जुन्या काबिजादी म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, काणकोण हा मुलूख त्यांना अठराव्या शतकात मिळाला, त्या नव्या काबिजादी. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. त्यामुळे नव्या काबिजादींत देवळे राहिली, भजने राहिली आणि पोथी मराठीच राहिली. घरात कोंकणी बोलायची, पण वाचायचे, लिहायचे, गायचे मराठीत, अशी तिथल्या हिंदू घरांची रीत होती. पुढच्या सगळ्या राजकारणाचा आडाखा या भूगोलात आहे.

बांदोडकर गोमंतक मराठा समाजातले. देवळांच्या आणि भाटकारांच्या आश्रयाने पिढ्यानपिढ्या जगणे भाग पडलेला हा समाज. गाणे, वाजवणे, सेवा करणे हे त्याच्या वाट्याला आले आणि त्याबरोबर अप्रतिष्ठाही आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात राजाराम पैंगीणकरांसारख्या माणसांनी या समाजाला शिक्षणाकडे आणि स्वाभिमानाकडे वळवले. त्या चळवळीच्या काळात बांदोडकर वाढले. पैसा त्यांच्या घरात वारशाने आलेला नव्हता, तो त्यांनी मिळवला होता. माझ्या मते त्यांच्या राजकारणाची किल्ली हीच. गोव्यात श्रीमंत माणसे काही कमी नव्हती. ज्याच्यासमोर आपल्या बापाला अंगणाच्या कडेला उभे राहावे लागले नसते, असा श्रीमंत मात्र कुळांनी क्वचितच पाहिला असेल.

हा पैसा आला लोहखनिजातून. पोर्तुगीज अमलात खाणीचा हक्क सरकारकडे नोंद करून मिळे आणि तो दीर्घकाळ टिके. दुसरे महायुद्ध संपले, जपानने आपले पोलाद कारखाने उभे करायला घेतले आणि त्याला गोव्याचे खनिज हवेसे झाले. त्यातच पन्नाशीच्या दशकात भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. मग पोर्तुगीज सरकारनेही खाणींना मोकळे रान दिले, कारण परकी चलन आणणारा दुसरा मोठा धंदा त्याच्यापाशी नव्हता. डोंगर फोडायचा, माती ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर आणायची, बार्जमध्ये भरून मांडवी किंवा जुवारीतून मुरगाव बंदरात न्यायची आणि तिथे जहाजावर चढवायची. धंद्याचा सगळा पसारा एवढाच, पण त्यावर कित्येक घराणी उभी राहिली. धेंपे, साळगावकर, चौगुले, तिंबले ही नावे आजही गोव्यात पावलोपावली दिसतात. बांदोडकर याच पिढीतले खाणमालक. शाळा, देवळे, नाटके, खेळ, अडलेनडलेले लोक यांच्यासाठी सढळ हाताने देणारा माणूस असा त्यांचा लौकिक राजकारणाआधीच झाला होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आरंभी लष्करी प्रशासन आले, मग केंद्रशासित प्रदेशांना विधानसभा देणारा १९६३ चा कायदा झाला, आणि त्या वर्षाच्या ९ डिसेंबरला गोवा, दमण आणि दीव यांची पहिली निवडणूक लागली. एकूण जागा ३०. त्यांतल्या २८ गोव्यात, एक दमणला, एक दीवला. साडेचारशे वर्षांत पहिल्यांदाच प्रत्येक प्रौढ माणसाच्या हाती मतपत्रिका येणार होती. भाटकाराच्या माडांना पाणी घालणाऱ्या बाईलाही मत होते आणि भाटकारालाही एकच मत होते.

काँग्रेसला वाटत होते की गोवा आपण सोडवला, तेव्हा गोवा आपलाच. पण स्थानिक काँग्रेसमध्ये जी माणसे पुढे दिसत होती त्यांत कुळांना आपले भाटकारच दिसत होते. या वेळी बांदोडकरांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची धुरा घेतली. पक्षाचे नाव लांबलचक, म्हणून लोकांनी 'मगो' केले. निशाणी सिंह. मागणी एकच, गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता, त्याची मागणी गोवा वेगळा ठेवण्याची. निकाल लागला तेव्हा मगो आणि मित्रांच्या मिळून १६ जागा आल्या, युनायटेड गोवन्सच्या १२. काँग्रेसला दमणची तेवढी एक जागा मिळाली. गोव्याच्या भूमीवर तिला एकही जागा मिळाली नाही, आणि पंडित नेहरू तेव्हा पंतप्रधान होते. लोकसभेच्या दोन्ही जागाही मगोच्या आघाडीकडे गेल्या. मुरगावला मगोचे मुकुंद शिंक्रे आले आणि पणजीला मगोच्या पाठिंब्यावर प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर आल्वारिस. आल्वारिस ख्रिस्ती होते, हे मुद्दाम सांगतो. मगोचा इतिहास केवळ हिंदू-ख्रिस्ती असा वाचणाऱ्यांना ते नाव अडचणीचे वाटते आणि ते गाळले जाते.

बांदोडकर स्वतः त्या निवडणुकीत उभेच नव्हते. पक्ष जिंकल्यावर नेतेपद त्यांच्याकडे आले, २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि पोटनिवडणुकीतून नंतर ते सभागृहात गेले. वय ५२. पंचायत, पालिका, पक्षाची लहानमोठी पदे अशा पायऱ्या चढून ते आलेले नव्हते. गोव्याला घटकराज्याचा दर्जा ३० मे १९८७ ला मिळाला, त्यामुळे त्या खुर्चीचे अधिकारही आजच्या मुख्यमंत्र्याहून कमी होते. डोक्यावर नायब राज्यपाल आणि त्यांच्यावर दिल्ली.

आता गरिबांनी त्यांना आपले का मानले, या प्रश्नाकडे येतो.

गोव्याच्या खेड्यात तीन शब्दांवर आयुष्य बेतलेले असे. भाटकार, कूळ आणि मुंडकार. भाट म्हणजे माडापोफळीची बागायत, तिचा मालक तो भाटकार. कूळ दुसऱ्याची जमीन कसते आणि खंड देते. आणि मुंडकाराला तर कसायला जमीनही नसते. भाटकाराच्या जागेत, त्याच्या परवानगीने झोपडी बांधून तो राहतो आणि त्याच्या बदल्यात भाट राखतो, हाक आली की कामाला जातो. पायाखालची जमीन दुसऱ्याची, म्हणून तोंडातला शब्दही दुसऱ्याच्या मर्जीचा. भाटकार हिंदू असो की ख्रिस्ती, मुंडकाराला फरक पडत नव्हता. आपल्याकडच्या वाचकांना कूळकायदा म्हटला की सातबारा आठवतो, पण मुंडकाराची ही अवस्था घाटावर सहसा ठाऊक नसते. घरातून कधीही 'ऊठ' म्हटले जाईल या धास्तीत जी माणसे निजली, त्यांनी त्यांच्या बाजूने बोलणाऱ्याची तिजोरी मोजली नाही.

बांदोडकर सरकारने १९६४ मध्ये शेतजमीन कूळ कायदा केला. कुळाला जमिनीवरून हुसकावणे अवघड झाले आणि खंडावर उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याची मर्यादा आली. कसणाऱ्याला मालक करणे त्या कायद्यात नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवे. ते पुढे त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना झाले. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ चा आणि कुळाला मालकीकडे नेणारी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती १९७६ ची. तेव्हा 'भाऊंनी जमीन दिली' असे कोणी म्हटले तर ते कागदावर अर्धेच खरे ठरते. पण ते म्हणणाऱ्याला मी दुरुस्त करायला जाणार नाही. आपण भाटकाराविरुद्ध सरकारात जाऊ शकतो आणि सरकार आपले ऐकते, हा अनुभव लोकांना १९६४ नंतर आला.

शाळांचे काम मला त्याहूनही मोठे वाटते. पोर्तुगीज काळात सरकारी शिक्षणाची भाषा पोर्तुगीज होती आणि मराठी शाळा चालत त्या लोकांच्या वर्गणीवर, देवळाच्या पडवीत, जमेल तशा. बांदोडकरांच्या कारकिर्दीत वाड्यावाड्यावर सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. मास्तर कमी पडले तेव्हा महाराष्ट्रातून आणले. कुळाचे पोर पाटी घेऊन बाहेर पडले, पुढे त्याच शाळेत मास्तर झाले किंवा पणजीत कारकून झाले. पेडणे तालुक्यात एका घरी मी जेवायला गेलो होतो, तिथल्या आजोबांनी मला भाऊंचा फोटो दाखवला. देवघराच्या शेजारच्या भिंतीवर होता. मी जमिनीबद्दल विचारीत राहिलो आणि ते पुनःपुन्हा शाळेबद्दल सांगत राहिले. घरात पहिली सही त्यांनी केली होती.

कलेचा आणि खेळाचा या माणसाला मनापासून नाद होता. कला अकादमी त्यांच्या कारकिर्दीत निघाली. १९७० मध्ये त्यांच्या नावाचा बांदोडकर सुवर्णचषक सुरू झाला आणि फुटबॉलवेड्या गोव्याने तो डोक्यावर घेतला.

आता तुमचा मधला प्रश्न. खरे कोडे तेच आहे आणि त्यावर जरा सविस्तर बोलायला हवे.

विलीनीकरणाचा ठराव १९६५ मध्ये गोवा विधानसभेने केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही त्याला साथ दिली. मगोचे म्हणणे सरळ होते. आम्ही विलीनीकरणावर निवडून आलो, लोकांनी सांगितले ते आम्ही सभागृहात सांगितले, आता आणखी काय विचारायचे? डॉ. सिक्वेरांचे म्हणणे असे की निवडणुकीत मत अनेक कारणांनी पडते, आपले प्रदेशपण मिटवायचे की नाही हे मात्र थेट लोकांनाच विचारावे. गोव्यातले काँग्रेस नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनीही हीच गोष्ट दिल्लीत लावून धरली. अखेर संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. याला सार्वमत म्हणू नये. गोवा भारतात असावा की नाही हा प्रश्न नव्हताच, भारतात कोणत्या रूपाने असावा एवढाच होता. दमण आणि दीवच्या मतदारांना गुजरातबद्दल विचारले गेले.

बांदोडकर सत्तेवर असताना कौल घेतला तर तो निर्मळ होणार नाही, अशी विरोधकांची हरकत होती. ती मान्य झाली. डिसेंबरच्या आरंभी बांदोडकर सरकारने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. बहुमत हाती असताना, स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या लढाईच्या दीड महिना आधी, हा माणूस खुर्चीवरून उतरला. त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

कौलाच्या निशाण्या साध्या होत्या. विलीनीकरण हवे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. महाराष्ट्रातून नेते आले, वक्ते आले, सभा गाजल्या. दुसऱ्या बाजूला मडगावच्या 'राष्ट्रमत' दैनिकाने विलीनीकरणाविरुद्ध रान उठवले. हे दैनिक मराठी. संपादक चंद्रकांत केणी. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच येई. गोवा वेगळा राहावा हे मराठी वाचणाऱ्या हिंदू माणसाला त्याच्याच वाचनाच्या भाषेत पटवले गेले. मराठीवरचे प्रेम आणि मुंबईहून चालणारा कारभार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिथे घरोघर पोहोचले.

मुद्देही पोटाशी निगडित होते. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता. मग माडावर चढणाऱ्या रेंदेराचे काय, फेणी गाळणाऱ्याचे काय? गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा झाला तर नोकऱ्या कुणाला मिळणार? महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांचा अनुभव सर्वांनाच गोड आला नव्हता. एवढ्याशा प्रदेशाला तीस आमदार आहेत, उद्या मोठ्या विधानसभेत किती उरतील? आणि शेवटचा युक्तिवाद खुद्द मगोच्या मतदारांसाठी होता. गोवा विलीन झाला की गोव्याचा मुख्यमंत्री उरणार नाही. भाऊ हवे असतील तर दोन पानांवर शिक्का मारा!

तुमच्या कोड्याचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. झालेल्या मतदानात दोन पानांचा वाटा ५४ टक्क्यांच्या थोडा वर. गोव्यातली ख्रिस्ती वस्ती तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आत होती. म्हणजे केवळ ख्रिस्ती मतांवर हा निकाल लागणे शक्यच नव्हते. हजारो हिंदूंनी, त्यांत सिंहावर शिक्का मारणाऱ्या कित्येकांनी, या वेळी दोन पाने निवडली. 'ख्रिश्चनांनी विलीनीकरण हाणून पाडले' असे आपल्याकडे अजूनही बोलले जाते. ते आकड्यांत बसत नाही आणि ते बोलणे आता बंद झाले पाहिजे.

निकालानंतर बांदोडकरांनी आंदोलन पुकारले नाही. कौल झाला, विषय मिटला. मार्चच्या अखेरीस विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला १२. अडीच महिन्यांपूर्वी ज्या गोव्याने त्यांची मागणी फेटाळली होती त्याच गोव्याने ५ एप्रिल १९६७ रोजी त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. १९७२ मध्ये तर मगोच्या जागा वाढून १८ झाल्या.

लोक गोंधळले होते, असे याचे स्पष्टीकरण काही अभ्यासू माणसे देतात. मला ते पटत नाही. कुळाला काय हवे होते? भाटकाराची सत्ता परत नको, शाळा चालू राहावी, सरकारात आपला माणूस असावा. विलीनीकरण त्याला हवेसे वाटले ते या गोष्टींचे साधन म्हणून. साधनाशिवायच त्या मिळू लागल्या तेव्हा त्याने साधन सोडले आणि माणूस ठेवला. पहिल्यांदा मत देऊन तीन वर्षे झालेल्या, निम्म्याहून अधिक निरक्षर मतदाराने एवढी नेमकी निवड केली, याचा मला त्या मतदाराबद्दल आदर वाटतो. घोषणा आणि नेता यांतला फरक आपल्याला आज इतक्या स्वच्छपणे करता येतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

पण तुमच्या टॅक्सीवाल्याने जे सांगितले नाही तेही लिहायला हवे.

एक खाणीचे. कुळांच्या बाजूने कायदा करणाऱ्या सरकारचे प्रमुख खाणमालक होते, आणि जमिनीच्या मालकीला जसा हात लागला तसा खाणींच्या हक्काला लागला नाही. खनिजाचा मूळ कायदा केंद्राचा, हे खरे. पण पोर्तुगिजांनी दिलेले खाणहक्क रद्द होऊन त्यांचे भाडेपट्टे व्हायला १९८७ चा केंद्रीय कायदा यावा लागला, मुक्तीनंतर पंचवीस वर्षांनी. तोवर गोव्याच्या राजकारणात खाणधंद्याचे वजन पक्के बसले होते. पुढे उत्खननाचा अतिरेक झाला, शेतात लाल माती वाहून आली, झरे आटले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खाणी थांबवाव्या लागल्या आणि २०१८ मध्ये ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द करावे लागले. हा सगळा दोष १९७३ मध्येच गेलेल्या माणसाच्या माथी मारणे अन्याय होईल. तरी धंदेवाला राज्यकर्ता होतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या धंद्याला प्रश्न विचारणारे दुसरे कोणी सरकारात आहे का, हे आधी पाहायला हवे. साठीच्या दशकातल्या गोव्यात तो प्रश्न मोठ्याने विचारला गेला नाही.

दुसरी गोष्ट पक्षाची. मगो म्हणजे भाऊ, असेच समीकरण राहिले. संस्था चालवण्याची त्यांची पद्धत मालकाची होती, आणि कंपनी आणि पक्ष यांत अंतर असते. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातले काही आमदार उलटले, सरकार हलले, पण तगले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच ते गेले आणि ते पद त्यांच्या कन्येकडे आले. शशिकलाताईंनी कर्तृत्व दाखवले. वर सांगितलेले दोन मोठे कायदे त्यांच्याच काळातले, आणि गोव्याला आजवर लाभलेल्या त्या एकमेव महिला मुख्यमंत्री. पण १९७९ मध्ये त्यांचे सरकार पडले आणि त्यानंतर मगोला स्वबळावर सत्ता कधीच मिळाली नाही. भाऊंनी पक्षात दुसरी फळी उभी केली असती तर चित्र वेगळे दिसले असते, असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट ख्रिस्ती समाजाची. साष्टीतल्या ख्रिस्ती मुंडकाराचे दुःख पेडण्याच्या मुंडकारासारखेच होते. तरी मगो त्याला आपली वाटली नाही. विलीनीकरणाच्या घोषणेने त्याच्या मनात आपली भाषा, आपली वेगळी वाट जाईल अशी भीती घातली. ती घोषणा नसती तर बांदोडकर साऱ्या गोव्यातल्या गरिबांचे नेते झाले असते. ही त्यांची सर्वांत मोठी हुकलेली संधी.

हे सारे जमेस धरूनही माझा कौल भाऊंच्या बाजूने आहे. पणजीत मांडवीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. गोव्यात निराधारांना आणि वृद्धांना दरमहा जी मदत मिळते त्या योजनेचे नाव 'दयानंद सामाजिक सुरक्षा योजना' आहे. मुंडकाराच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव त्या योजनेला शोभते.

एक काम तुम्हाला सांगतो. १९६७ मध्ये मतदानाचे वय २१ होते. त्या कौलात मत दिलेला सर्वांत तरुण माणूस आज ऐंशीच्या घरात आहे आणि ही मंडळी दर वर्षी कमी होत चालली आहेत. तुमच्या टॅक्सीवाल्याचा नंबर अजून जवळ असेल तर त्याला फोन करा. घरात आई, आजी, कोणी वडीलधारे असतील तर विचारायला सांगा, त्या दिवशी शिक्का कुठे मारला होता, फुलावर की दोन पानांवर, आणि का. जे उत्तर मिळेल ते जसेच्या तसे लिहून आम्हाला पाठवा.